पंढरीनाथ फार्मसीला अर्ज करतो

आदर्श नगरातल्या त्या औषधाच्या दुकानात भिंतीवर एक फार्मासिस्ट टांगलेली आहे. गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत, जराशी तिरकी. नाव कीर्ती माथुर. ही बाई गुडगावला कुठल्याशा कंपनीत नोकरी करते आणि तिचं नोंदणीचं सर्टिफिकेट इथे जयपुरात दुकान चालवतं. फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय औषध द्यायचं नाही असं कायदा म्हणतो. पण कायदा फार गरीब स्वभावाचा आहे, त्याला चौकट दाखवली की त्याचं समाधान होतं. प्रत्यक्ष औषधं देतो तो खाली काउंटरवर उभा असलेला पंढरीनाथ मोहिते, आणि त्याचं नाव दुकानात कुठेच लिहिलेलं नाही.

सव्वीस वर्षांत पंढरीनाथाने अशा चार चौकटी पुसल्या. पहिली एका म्हाताऱ्याची होती. तो वारला, त्याचं तेरावं झालं, तरी पुढे आठ महिने तो औषधं विकत होता. दुसरा शाळामास्तर, तिसरी दुकानाच्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, भाचीची जाऊ, आणि आता ही माथुर. पंढरीनाथ त्यांना ‘टांगलेली माणसं’ म्हणायचा. तापाची गोळी आणि चुन्याची डबी यातला फरक यांना कळत नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते तो गिऱ्हाइकांसमोर, शेठजींसमोर, घरी जेवताना, कुठेही ऐकवायचा.

टांगलेल्या माणसांवरच भागलं असतं तर ठीक होतं. पण पंढरीनाथाच्या तुच्छतेला तोटा नव्हता. डॉक्टर म्हणजे त्याच्या लेखी कंपन्यांच्या पेनांनी कोंबडीचे पाय काढणारे लोक. चिठ्ठी हातात आली की तो ती आधी नाकासमोर धरून हसायचा, मग ‘हे आत्ता मिळत नाही, त्याच्याऐवजी हे घ्या, तेच आहे’ म्हणून दुसरी पट्टी पुढे सरकवायचा. गिऱ्हाइकं त्याला ‘डॉक्टर साब’ म्हणायची. त्यांची ही चूक त्याने सव्वीस वर्षांत एकदाही दुरुस्त केली नव्हती.

तसं पाहिलं तर डॉक्टर व्हायलाच तो निघाला होता. त्याचे वडील आनंदराव विमा कंपनीत अधिकारी. सांगलीहून बदली होऊन जयपूरला आले तेव्हा पंढरीनाथ आठवीत होता. बारावी सायन्स त्याने इथेच केली, मेडिकलची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा आपटला. बी.एस्सी. अर्धवट सोडली, आणि तिसऱ्यांदा परीक्षा होईल तोवर हात रिकामे नकोत म्हणून या दुकानात उभा राहिला. ते ‘तोवर’ अजून संपलेलं नाही. आनंदराव निवृत्त होऊन सांगलीला परत गेले आणि तिथे लोकांना सांगत राहिले, मुलगा जयपूरला मेडिकलमध्ये आहे. खोटंही नव्हतं ते.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या चैत्रात दुकानात एक नवा औषध निरीक्षक आला. पोरगेलासा, बारीक मिशीचा. त्याने चौकटीकडे बघितलं आणि विचारलं, “कीर्तीजी कहाँ हैं?” शेठजी म्हणाले, खाना खाने गई हैं. दुपारचे साडेचार वाजले होते. निरीक्षकाने घड्याळाकडे बघितलं. त्याने पंढरीनाथाकडे बोट केलं आणि म्हणाला, “आप ज़रा काउंटर के बाहर आइए. ग्राहक वाली साइड.”

पंढरीनाथ फळी उचलून बाहेर आला. सव्वीस वर्षांत तो त्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. चाळीस मिनिटं निरीक्षक खोकी उघडत होता, वह्या चाळत होता, आणि पंढरीनाथ खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसांच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. एक म्हातारी चिठ्ठी घेऊन आली आणि त्याला म्हणाली, “डॉक्टर साब, आज आपकी भी तबीयत खराब है क्या?” निरीक्षक मान वर करून हसला. शेठजीही हसले, आणि ते पंढरीनाथाला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, “मी फार्मसी करणार. डिप्लोमा. दोन वर्षांत माझं नाव भिंतीवर.”

सुधा, त्याची बायको, भिंतीला धरून धरून बाहेर आली. ती सेहेचाळीसची, पण बघणाऱ्याला साठीची वाटावी. गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय अडकून पडली, ती सुद्धा अशी नुसती बसल्यासारखी पडली, आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून वॉकर घेऊन चालते, घरात मात्र कंटाळा करते. “या वयात हो?” ती म्हणाली. “पोरांच्यात बसायचं?”

“बसायचंय कुणाला? मला काय शिकवणार ते? मी तिथं शिकवायला जायला पाहिजे.”

“ते खरंच की,” सुधा म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं. नवऱ्याला औषधातलं सगळं कळतं, हे तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं आणि तिला त्यात शंका घ्यायचं काही कारण पडलं नव्हतं.

मुलगा निहार सीतापुऱ्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो मोबाइलवरून मान न काढता म्हणाला, “बाबा, मतलब तुम्ही ॲडमिशन घेणार पण कॉलेजला जाणार नाही? मग तुमच्यात आणि त्या माथुर मॅडममध्ये डिफरन्स काय?”

“ती रिकामी चौकट आहे. मी भरलेली आहे,” पंढरीनाथ म्हणाला. निहारला मराठी तोकडी येते, म्हणून तो गप्प बसला असं बापाने समजून घेतलं.

पंढरीनाथाला हवं होतं ते एवढंच: भिंतीवर स्वतःचं नाव. शिकणं त्याला नको होतं. कुणी पुन्हा येऊन ‘काउंटरच्या बाहेर या’ म्हणालं, तर बोट वर करून चौकट दाखवता आली पाहिजे, इतकं साधं. या एका चौकटीसाठी तो त्या उन्हाळ्यात झुरला. त्याच्यावर हसायला काही हरकत नाही, पण झुरला हे खरं.

प्रवेशाची माहिती काढायला तो गोपालपुऱ्याला गेला. तिथे बायपासच्या दोन्ही अंगाला कोचिंगच्या इमारती उभ्या आहेत आणि प्रत्येक इमारतीवर गेल्या साली पास झालेल्या पोरांचे हसरे चेहरे दुमजली उंचीचे लावलेले असतात. नापास झालेल्यांचे लावायचे म्हटले तर शहर पुरणार नाही. पंढरीनाथ त्या चेहऱ्यांकडे मान वर करून न बघता एका जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढला. तिथे एक सल्लागार बसत होता. सल्लागार कसला, दलाल. पण टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला की दलालाचा सल्लागार होतो.

“अंकलजी, अटेंडेंस का टेंशन बिल्कुल मत लीजिए,” तो म्हणाला. “चाकसू के पास कॉलेज है. एक बार जाना है काग़ज़ लेके, एक मैडम से साइन लेना है, बस. फिर एग्ज़ाम में मिलेंगे.”

“कुछ पूछते हैं क्या?”

“पाँच मिनट का इंटरव्यू होता है, फॉरमैलिटी है. आप तो लाइन के आदमी हैं, आप उल्टा उनसे पूछ लेना.”

या माणसाचा पंढरीनाथाला मनापासून वीट आला. खोटारडा, चिकट, केसांना तेल चोपडलेला. अशीच माणसं टांगलेली माणसं तयार करतात, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने त्याच माणसाकडून फॉर्म घेतला, आणि निघताना त्याचे आभारही मानले.

फॉर्म निहारने भरून दिला. अनुभवाचा रकाना आला तेव्हा पंढरीनाथ त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “लिही, सव्वीस वर्षं. औषधवितरण, रुग्णमार्गदर्शन, पर्यायी औषधांची निवड.”

“इतकं बसत नाही बाबा, छोटा बॉक्स आहे.”

“बसव.”

सोमवारी सकाळी पंढरीनाथाने इस्त्रीचा शर्ट घातला, कागदांची पिशवी काखेत मारली आणि टोंक रोडच्या बसमध्ये बसला. चाकसूच्या जरा अलीकडे कंडक्टरने त्याला एका फाट्यावर उतरवलं. तिथून आत चालत गेलं की कॉलेज. इमारतीपेक्षा फाटक मोठं आणि फाटकापेक्षा पाटी मोठी, अशी एकूण रचना. आत आवारात दोन शेळ्या कण्हेर खात होत्या. कारकुनाने कागद उलटेपालटे केले, त्यावर तीन शिक्के मारले आणि म्हणाला, “लैब में मैडम बैठी हैं. साइन करा लाइए.”

प्रयोगशाळेत काचेची भांडी अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होती. एका टोकाला मात्र चार-सहा भांडी बाहेर काढलेली, धुतलेली, आणि तिथे स्टुलावर एक मुलगी बसून वह्या तपासत होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. पंढरीनाथ ज्या वर्षी दुकानात लागला त्या वर्षी ही पाळण्यात असणार, हा हिशोब त्याने दारातच केला आणि त्याला बरं वाटलं.

तिने फॉर्म घेतला, नाव वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाली, “मोहिते? म्हणजे तुम्ही आपल्याकडचे! मी सावनी. वर्ध्याची. मिस्टर इथे कंपनीत आहेत म्हणून जयपूरला आले. बसा ना काका.”

‘काका’ पंढरीनाथाला आवडलं नाही. पण तो बसला. “सही तेवढी पाहिजे होती,” तो म्हणाला.

“करते की. पण दोन प्रश्न विचारावे लागतात, नियम आहे.” तिने अनुभवाचा रकाना वाचला, तो दोन ओळींतून बाहेर वाहिला होता. “बापरे, सव्वीस वर्षं! मग तर मीच तुम्हाला विचारते. समजा एखादी बाई आली, म्हणाली ताप आहे, अंग दुखतंय, डॉक्टरकडे गेलेली नाही. तुम्ही काय करता?”

पंढरीनाथाने पाय पसरले. आता त्याचा प्रांत आला. त्याने सांगितलं, डोस बांधून देतो. एक तापाची, एक दुखण्याची, एक पित्ताची, सकाळ-संध्याकाळ, दोन दिवसांचा. मजूर माणूस असेल तर चार गोळ्या कागदात. गुण येतोच. डॉक्टर जे पाचशे रुपयांत करतो ते आपण चाळिसात करतो.

“आणि देण्याआधी तिला काय विचारता?”

“काय विचारायचं? किती दिवसांची देऊ, एवढं.”

“पोटात गॅस-अल्सर आहे का, गरोदर आहे का, आधी कुठली औषधं चालू आहेत...”

“बाई,” पंढरीनाथ म्हणाला, “काउंटरला गर्दी किती असते ठाऊक आहे का तुम्हाला? हे पुस्तकात बरं दिसतं.”

सावनीला राग आला असावा, पण ती वह्या एका बाजूला सारून त्याच्याकडे नीट बघायला लागली. हे बघणं पंढरीनाथाला कौतुकाचं वाटलं. माणसाला एकदा स्वतःचं कौतुक वाटायला लागलं की समोरचा काय बघतोय ते दिसत नाही.

“उदाहरण सांगतो,” तो म्हणाला. “घरातलंच. आमची सुधा. नऊ वर्षांपूर्वी हिचे गुडघे, बोटं, सगळे सांधे धरले. दोन डॉक्टर झाले, ही तपासणी कर, ती तपासणी कर. मी म्हटलं, बास. छोटी पांढरी गोळी असते ना, ती सुरू केली. रोज एक, दुखणं वाढलं तर दोन. तिसऱ्या दिवशी बाई पोळ्या लाटायला उभी! नऊ वर्षं झाली, गोळी चुकली तरच दुखतं. आता सांगा, डॉक्टर मोठा की आपण?”

“छोटी पांढरी,” सावनी म्हणाली. “स्टेरॉइडची?”

“हो, तीच. पण अगदी कमी ताकदीची. पैलवान टोचून घेतात तसली नाही.”

“नऊ वर्षं. रोज.”

“न चुकता,” पंढरीनाथ अभिमानाने म्हणाला.

सावनीने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाली, “काका, मी तुमच्या मिसेसना कधी बघितलेलं नाही. पण मी सांगते, चुकलं तर चुकलं म्हणा. गोळी सुरू झाल्यावर त्यांची भूक वाढली. चेहरा गोल झाला.”

“हो!” पंढरीनाथ म्हणाला. “आधी काटकी होती. माहेरची माणसं म्हणाली, जयपूरचं पाणी मानवलं.”

“पोट सुटलं, पण हात-पाय बारीकच राहिले.”

“हां... ते आहे.”

“जरासा धक्का लागला तरी कातडीखाली काळं-निळं होतं.”

पंढरीनाथाने तिच्याकडे बघितलं. हिला कुणी सांगितलं? निहारचा कुणी मित्र इथे आहे का? “होतं,” तो म्हणाला. “नाजूक कातडीच आहे तिची.”

“साखर आहे त्यांना?”

“आहे, सहा वर्षं. ती तिच्या जिभेची. चोरून खाते. मी घरात लाडू मोजून ठेवतो, तरी साखर वाढतेच. म्हणते, देवाशप्पथ एक खाल्ला नाही. बायकांच्या शपथा!”

“मोतीबिंदू?”

“मागच्या दिवाळीत ऑपरेशन झालं.” आता त्याचा आवाज खाली आला होता.

“आणि हाड मोडलंय. फार मोठी पडली नसतील. साधंच काहीतरी. पाय अडकला असेल.”

बाहेर शेळी ओरडली. सावनीने मागच्या कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि त्याच्यापुढे उघडं ठेवलं. पंढरीनाथाचं इंग्रजी खोक्यांवरचं, पण ही यादी त्याला वाचता आली. खोक्यांवर वाचलेलेच शब्द होते ते. चेहरा. कातडी. साखर. डोळे. हाडं. खाली ओळीने सगळी सुधा लिहिलेली होती. ज्या गोळीची पट्टी तो डोळे मिटून खणातून काढायचा, तिच्या नावाखाली.

“त्या हाडाच्या डॉक्टरांना गोळीबद्दल सांगितलं होतं?”

“नाही.”

“साखरेच्या?”

“डॉक्टरांना सगळं सांगायचं नसतं,” पंढरीनाथ म्हणाला. हे वाक्य तो काउंटरवर शेकडो वेळा बोलला होता, आणि लोक हसायचे. इथे कुणी हसलं नाही.

त्याला लाज वाटली. थोडी नाही, भयंकर वाटली. त्याहून वाईट म्हणजे, त्याला राग करायला कुणी सापडेना. डॉक्टर, शेठजी, ती गुडगावची माथुर, सगळे त्याने मनातल्या मनात हुडकून बघितले. पण गोळी रोज सकाळी चहाबरोबर सुधाच्या तळहातावर कुणी ठेवली याला दुसरं उत्तर नव्हतं. माथुरबाईंनी निदान कुणाला काही दिलं नव्हतं.

तो ताडकन उठला. “आज घरी जातो आणि सगळ्या पट्ट्या गटारात टाकतो. आजपासून बंद.”

“नाही!” सावनी इतक्या जोरात ओरडली की दारात कारकून डोकावून गेला. “एकदम बंद करायची नाही, काका! नऊ वर्षं बाहेरून मिळतंय म्हणून त्यांच्या शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलं असणार. तुम्ही एका दिवसात तोडलंत तर रक्तदाब एकदम पडेल, जिवावर बेतेल. डॉक्टरकडे न्या, सगळं खरं सांगा, ते महिनोन् महिने थोडी थोडी कमी करतील. तोपर्यंत रोजची चालू ठेवायची. समजलं का?”

पंढरीनाथ परत स्टुलावर बसला. एवढ्यात तो बायकोला मारायला निघाला होता, आणि तेही पश्चात्तापाने. माणसाला वाईट वाटलं म्हणून त्याला अक्कल येते असं काही नाही. गोळी कशी सुरू करायची ते त्याला माहीत होतं, बंद कशी करायची असते हे सव्वीस वर्षांत त्याच्या कानावरूनही गेलं नव्हतं. कानावरून जायला तो कुणाचं ऐकत कुठे होता?

“हे सगळं इथे शिकवतात?” त्याने विचारलं.

“मी शिकवते. पटावर साठ आहेत. वर्गात कधी चार येतात, कधी तीन.” तिने पेन उघडलं. “तुमच्या फॉर्मवर सही करायची की नाही, मला कळत नाहीये. पण मी नाही केली तरी इथे प्रवेश होतोच. प्राचार्य करतात मग. इथे कुणाचाच अडलेला मी बघितला नाही.”

“करू नका,” पंढरीनाथ म्हणाला. मग म्हणाला, “नाही, करा. तास किती वाजता असतो?”

“नऊला.”

“बस सव्वासातला निघते,” तो म्हणाला, आणि एवढं बोलून झाल्यावर त्याला कळलं की दुकान नऊला उघडतं. शेठजी काय म्हणतील याचा त्याने विचार केला. शेठजी हसतील. सावनीने सही केली, खाली तारीख घातली. पंढरीनाथाने कागद कारकुनाकडे दिले, पावती खिशात ठेवली आणि फाट्यावर येऊन उभा राहिला. दोन बसगाड्या त्याने तशाच जाऊ दिल्या.

घरी पोचला तेव्हा सुधा मेथी निवडत बसली होती. “झालं का ॲडमिशन?” तिने विचारलं. तो हो म्हणाला. “बघा, मी म्हटलं नव्हतं? तुम्हाला कोण नाही म्हणणार?” तिला इतका आनंद झाला की तिने सांगलीला फोन लावून आनंदरावांना बातमी दिली. पंढरीनाथ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. नऊ वर्षं त्याला तो चेहरा भरलेला वाटत होता. आता तो सुजलेला दिसत होता, आणि आता पुन्हा भरलेला दिसणं शक्य नव्हतं. “उद्या राजा पार्कला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ,” तो म्हणाला. का, ते सांगायचं त्याच्याने झालं नाही. बोलायला गेला की तो उठून पाणी प्यायचा.

“मला काय झालंय? बरी आहे की मी.”

“सहज. एकदा दाखवून येऊ.”

सकाळी चहाबरोबर त्याने तिला गोळी दिली. द्यायलाच हवी होती. एवढी साधी गोष्ट करताना तो कधी चुकला नव्हता, त्या दिवशी गोळी तळहाताऐवजी बशीत पडली. सुधाने ती उचलून तोंडात टाकली आणि म्हणाली, “चष्म्याचा नंबर बदला तुम्ही.”

राजा पार्कातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सुधाचं तोंड बघितलं, दंड बघितले, पोटावरच्या जांभळ्या रेषा बघितल्या, आणि कागदपत्रं न उघडताच विचारलं, “कौन सी गोली चल रही है? कितने साल से?” पंढरीनाथाने खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. “नौ साल,” तो म्हणाला. बाईंनी पट्टी उलटीपालटी केली. त्यांचा चेहरा बदलला.

“यह किसने दी इनको?”

पंढरीनाथाने तोंड उघडलं. पण सुधा त्याच्या आधी बोलली. कुणी विचारलं की तिला नवऱ्याबद्दल सांगायला आवडायचं. “मेरे मिस्टर ही देते हैं,” ती म्हणाली, आणि पदर नीट करून खुर्चीत सरळ बसली. “ये दवाई की लाइन में ही हैं जी. छब्बीस साल. इनको सब मालूम है, इसलिए हमको कहीं जाना ही नहीं पड़ता.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पंढरीनाथाकडे बघितलं.

“आप फार्मासिस्ट हैं?”

“नहीं जी,” पंढरीनाथ म्हणाला. “कल ही फॉर्म भरा है.”